पूर्ण वाक्यात उत्तर

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, बंद पडलेल्या बस आगाराच्या गच्चीवर, अकराव्या धड्याचा आकडा नऊवरून एकसष्टवर गेला.

बाईंनी चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं. एकसष्टच. आगारात फोन चौदा, मुलं अडतीस, आणि त्या सगळ्यांनी मिळून हा धडा कालपर्यंत नऊ वेळा उघडला होता, तसं त्यांच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं होतं. बाईंची वही चुकत नसे. बावीस वर्षं पालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. हजेरीत एक खूण इकडची तिकडे झाली तरी त्यांना दिवसभर अन्न गोड लागत नसे.

नदीपलीकडचं शहर रिकामं झालं तेव्हा तिथली माणसं या आगारात आणून ठेवली, त्याला सात महिने झाले होते. फलाटांवर पडदे बांधून घरं झाली. गाड्या दुरुस्त करायच्या खड्ड्यांवर फळ्या टाकल्या, त्यावर म्हातारी माणसं झोपू लागली. वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत शाळा आली आणि पालिकेने बाईंना तिथे धाडलं. पाठोपाठ एका संस्थेने चौदा फोन पाठवले. फोनमध्ये वाचन शिकवणारा खेळ होता. एक खार झाडावरून झाडावर उड्या मारते, बरोबर अक्षरावर बोट ठेवलं की तिला फांदी मिळते, चुकलं की ती धपकन खाली. चार दिवसांत मुलं त्याला खारीचा खेळ म्हणू लागली.

आगारात रेंज फक्त गच्चीवर. म्हणून बाई रोज सकाळी आणि दुपारी सगळे फोन वाहकाच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत घालून वर नेत. मुलांनी केलेलं काम वर जाई, नवे धडे खाली येत. पाच मिनिटांचं काम. त्या आकडे उतरवत आणि पेटी घेऊन जिना उतरत.

आज त्या उतरल्या नाहीत.

अकरावा धडा संस्थेचा नव्हता, इथलाच होता. संस्थेच्या धड्यांत बाग होती, झोपाळा होता आणि एक फुगा होता, जो सलग सहा धडे उडतच राहिला. "बाई, हा फुटणार कधी?" असं विचारून मुलांनी जांभया द्यायला सुरुवात केली, तेव्हा बाईंना खेळाच्या कोपऱ्यात 'आपला धडा' नावाचं बटण सापडलं. मूल चार वाक्यं सांगणार, बाई ती लिहिणार, आणि मग तेच मूल स्वतःची वाक्यं वाचणार. दोन महिन्यांत सव्वीस मुलं वाचायला लागली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. हे धडे आगाराबाहेर जातात, संस्थेच्या सगळ्या केंद्रांना दिसतात, हे बाईंना ठाऊक नव्हतं. बटणाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे.

अकरावा धडा शेंगेचा. आठ वर्षांची, उंच, काटकुळी, म्हणून शेंग. आल्यावर चार महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पहिल्यांदा बोलली ती फोनमधल्या खारीशी. खार तिसऱ्यांदा पडली तेव्हा शेंग तिला म्हणाली, "नीट बघून उडी मार ना, वेडे." बाईंनी खडू शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलं होतं.

तिचा धडा असा होता: माझे बाबा कपडे धुतात. त्यांच्या खोलीत खूप वाफ असते. वाफेत ते मला दिसत नाहीत. मी हाक मारते, मग ते दिसतात.

आगाराच्या नोंदवहीत शेंगेच्या वडिलांपुढे 'बेपत्ता' असं लिहिलेलं होतं. तिला सांभाळणारी आत्याही तेच सांगायची. म्हणून बाईंनी ही वाक्यं मुलीच्या मनातली समजून लिहून घेतली. एकाचा नसलेला बाप विमान चालवत होता, दुसरीचा समुद्रावर होता. शेंगेचा कपडे धुतो, तर धुवू दे बापडा.

आता त्यांनी धडा उघडून बोट खाली सरकवलं. तळाशी 'वाचकांचे प्रश्न' अशी पट्टी होती. ही जाहिरात असणार असं समजून बाईंनी ती कधी उघडलीच नव्हती. प्रश्न चार होते, चारही 'वाचक २०७' कडून, आणि चारांनाही शेंगेने उत्तरं दिली होती.

बाबा कोणाचे कपडे धुतात? – बाबा दवाखान्याचे हिरवे कपडे धुतात.

खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? – खोलीच्या खिडकीतून उंच धुराडं दिसतं आणि त्याच्यावर दोन लाल दिवे दिसतात.

तू बाबांना भेटायला कशी जातेस? – मी बाबांना भेटायला आत्याबरोबर पाण्याच्या टँकरमधून जाते.

बाबा खोलीबाहेर कधी जातात? – बाबा रोज दहा वाजता हातगाडी घेऊन दवाखान्याच्या मागच्या दाराने जातात.

प्रत्येक उत्तरापुढे पाच तारे. उत्तरं अगदी हवी तशी होती. 'काल', 'तिकडे', 'हो' अशी तुटक उत्तरं बाईंच्या वर्गात चालत नसत. प्रश्नातले शब्द घ्यायचे आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त. शेंगेने ती तंतोतंत पाळली होती.

चौथं उत्तर काल दुपारनंतरचं होतं. ते आज सकाळी वर गेलं. म्हणजे बाईंनीच ते पेटीत घालून, अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून वर आणलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी दोन माणसं फाटकाशी येऊन शेंगेच्या वडिलांची चौकशी करून गेली होती, हे आगारात सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात फोन हातात थरथरला. पाचवा प्रश्न आला होता.

बाबांबरोबर आणखी कोण असतं?

त्यापुढे वेळ होती: सहा एक्केचाळीस. चौथं उत्तर पोचल्यावर एका मिनिटाने.

*

सहाव्या फलाटावर आत्या स्टोव्हला पंप मारत होती. शेंग अजून अंथरुणात होती, पण जागी. बाईंना एवढ्या सकाळी पाहून ती आनंदाने उठून बसली.

"शेंगे, तुला प्रश्न कोण विचारतं गं?" बाईंनी आवाज जमेल तेवढा सैल ठेवला.

"वाचकताई."

"ताई कशावरून?"

"तारे देतात ना. आणि चुकलं म्हणत नाहीत." मग थोडं थांबून, "तुम्ही म्हणता."

आत्याने पंप थांबवला. "कसले प्रश्न?"

बाईंनी फोन तिच्या हातात दिला. आत्याला सावकाश वाचता येई. एकेका शब्दाखाली बोट ठेवत तिने चारही उत्तरं वाचली. बाईंना वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने स्टोव्ह विझवला, पडदा ओढून घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, तुम्ही हिला वाचायला शिकवलंत की चहाड्या करायला?"

"म्हणजे हे खरं आहे?"

"मग काय वाटलं तुम्हाला? गोष्ट सांगते पोरगी?"

"तुम्हीच म्हणालात बेपत्ता."

"म्हणणारच. शहर रिकामं करताना नदीच्या पुलावर काय झालं ते दादाने डोळ्यांनी बघितलंय. बघणारे तिघं होते. दोघांचा आता पत्ता नाही. पुढच्या महिन्यात चौकशी समितीपुढे त्याला बोलायचंय, तोवर फक्त जिवंत राहायचंय. एवढंच काम आहे त्याला." तिने शेंगेकडे पाहिलं. "आणि तुला किती वेळा बजावलं होतं गं? एका माणसाला सांगायचं नाही म्हणून?"

शेंगेने चादर तोंडापर्यंत ओढली. "मी माणसाला नाही सांगितलं, आत्या. मी खारीला सांगितलं."

आत्याने तिला जवळ ओढलं.

घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती. दहाला तीन तासही उरले नव्हते. आत्याचा भाऊ लपून काम करायचा तो धुलाईचा कारखाना सोळा किलोमीटरवर. भावाकडे फोन नव्हता, तो मुद्दामच ठेवला नव्हता. कारखान्यात एक फोन होता, पण तो मालकाच्या कुलूपबंद खोलीत, आणि मालक साडेदहाला येई. शिवाय तिथे भावाचं नाव वेगळं होतं. मालकाला काय सांगून त्याला फोनवर बोलवायचं?

"पोलीस?" बाई म्हणाल्या.

"त्यांना काय सांगणार? तो कुठे आहे तेच ना?" आत्या म्हणाली. "एकसष्ट जणांना कळलंय. बासष्टावे ते."

*

व्यवस्थापक आगाराच्या तिकीटखिडकीमागे बसत. गडी तसा वाईट नव्हता. सगळ्यांशी गोड बोलायचं आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची, एवढाच त्यांचा स्वभाव. बाईंना पाहताच ते खुर्चीतून अर्धे उठले.

"या, या! कालच संस्थेकडून विचारणा आली होती. तुमचे धडे बाहेर भलतेच चाललेत म्हणे! अहो, सात महिन्यांत पहिल्यांदा कोणी आपलं नाव काढलं. मी तर म्हणतो, त्या पोरीचा फोटो—"

"फोटो नको," बाई घाईने म्हणाल्या. "साहेब, मला गाडी हवीय. आत्ता. दोन तासांसाठी."

"घ्या की. तुम्हाला नाही म्हणणार का?" त्यांनी वाहन नोंदवही पुढे ओढली, टोपण काढलं. "कुठे जायचं?"

बाईंनी वहीकडे पाहिलं. ही वही एरवी फाटकावर दोरीने बांधलेली असे. येणारा-जाणारा ती चाळत उभा राही.

"ते पंधरा दिवसांपूर्वी आलेले दोघं," त्यांनी विचारलं, "पुन्हा आले होते का?"

"नाही, नाही. सज्जन वाटले हो. मी आत सोडलं नाही, नियम म्हणजे नियम. एकाने जाताना विचारलं, इथे मुलांच्या शाळेची काय सोय आहे? मी अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे फोनवर शिकवतात." लेखणी अजून वर होती. "हं, कुठे लिहू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नको गाडी."

*

पावणेआठला त्या पुन्हा गच्चीवर होत्या. संस्थेच्या तंत्रज्ञाला उठवायला तीन वेळा फोन लावावा लागला. मुलं त्याला खारीचा मालक म्हणत.

"धडा पुसायचाय? बाई, आता तो सगळ्यांचा झाला. वरून तपासणी होते, मग काढतात. दोन दिवस धरा. कामाचे."

"वाचक दोनशे सात कोण आहे?"

कळफलकाचा आवाज आला. "माझ्या यादीत एकशे ऐंशीपर्यंत आहेत. पण रोज नवी केंद्रं जोडली जातायत, तेव्हा असेलही. एखादी तुमच्यासारखीच बाई असेल. प्रश्न चांगले विचारलेत की."

ते बाईंना केव्हाच कळलं होतं. कोणाचे, काय, कशी, कधी. त्यांनी स्वतः विचारले असते तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

"त्यांना हाच धडा कसा सापडला?"

"नाव टाकून शोधता येतं ना. आणि तुम्ही..." तो अडखळला. "बाई, तुम्ही मुलांची पूर्ण नावं टाकलीयत? मुलीचं, वडिलांचं, आडनाव? तिथे टोपणनाव घालायचं होतं. सूचनेतच आहे."

बाईंनी फोन खाली घेतला. अडतीस मुलांची नावं त्यांनी एका बैठकीत भरली होती, शाळेच्या हजेरीत भरतात तशी. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकही जागा रिकामी सोडली नव्हती. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या कामाचं समाधान वाटलं होतं.

त्या गच्चीच्या कठड्याशी बसल्या. खाली बायका रिकाम्या बादल्या रांगेत लावत होत्या. टँकर आठला यायचा. तो येईपर्यंत हातात करण्यासारखं एकच होतं, आणि ते करावं की नाही यात त्यांनी दहा मिनिटं घालवली. खोटं उत्तर लिहिलं तर समोरच्याला कळेल की इथे कोणी जागं झालंय. नाही लिहिलं तर दहा वाजतील.

त्यांनी शेंगेचा फोन घेतला आणि पाचव्या प्रश्नाखाली लिहिलं: बाबा आज दवाखान्यात जाणार नाहीत.

पूर्ण वाक्य. सवय जात नव्हती.

एक मिनिट गेलं. पाच तारे आले, त्यामागून प्रश्न.

का?

बाईंनी उत्तर दिलं नाही. आठ वाजले, टँकर आला नाही. आठ वाजून सहा मिनिटांनी पुन्हा फोन थरथरला.

हे उत्तर तू स्वतः लिहिलंस का?

हा प्रश्न त्या रोज वर्गात कोणाला ना कोणाला विचारत. तो त्यांनी दोनदा वाचला. हे विचारणारी कदाचित खरंच कुठल्यातरी दूरच्या केंद्रातली शिक्षिका असेल, कामसू, मुलांवर जीव असलेली, आणि आपण उगाच भुताला भीत आहोत. त्यांना तसं मनापासून वाटायला हवं होतं. पण सकाळी आठच्या सुमाराला कुठली शिक्षिका एकाच मुलीच्या उत्तराची वाट बघत बसते?

त्यांनी फोन बंद केला. मग एकेक करून चौदाही बंद केले.

*

टँकर आला तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. भरण्याच्या ठिकाणी रांग होती, टँकरवाला उतरता उतरताच सांगू लागला. आत्याने त्याला दंडाला धरून गाडीच्या पलीकडच्या बाजूला नेलं. बाई मागोमाग गेल्या. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून बाईंनी आपला नंबर कागदावर लिहून दिला.

टँकरवाला पन्नाशीचा, अंगाने आडवा. त्याची खोड अशी की कसलीही बातमी ऐकली की आधी तो थट्टा करी. आता केली नाही. "म्हणजे माझी गाडीपण त्यांना ठाऊक?"

"टँकर म्हणून लिहिलंय," बाई म्हणाल्या. "नंबर नाही."

"या रस्त्याला टँकर कितीसे आहेत, बाई?"

आत्या म्हणाली, "भाऊ, मी येते बरोबर."

"तू नाही यायचं. टँकर आणि आत्या, अशी जोडी शोधत असतील ते. तू पोरीजवळ बस." त्याने तंबाखू थुंकली. "तो निघायच्या आधी गाठायचा आणि टाकीत घालून आणायचा, असंच ना?"

"टाकीत पाणी आहे," आत्या म्हणाली.

"मग पोहत येईल." एवढी एकच थट्टा त्याने केली आणि चढून बसला.

गाडी पाणी न सोडताच वळलेली पाहून बायकांनी एकच गलका केला. "अरे मेल्या, कुठे चाललास? आमच्या बादल्या काय डोक्यावर घेऊ?" एकीने टमरेल फेकून मारलं. ते टाकीवर आपटून उडालं. टँकर फाटकाबाहेर गेला तेव्हा नऊ चौदा झाले होते. भरल्या टाकीने सोळा किलोमीटर, वाटेत एक नाका. बाईंनी मनात हिशेब केला, पुन्हा केला. तो कसाही मांडला तरी दहाच्या आगेमागेच येत होता.

वर्ग साडेनऊला भरला. मुलांनी फोन मागितले. बाई म्हणाल्या, आज फळा. "खार आजारी आहे का, बाई?" कोणीतरी विचारलं आणि सगळे हसले. शेंग हसली नाही. ती आत्याच्या कुशीत भिंतीशी बसली होती. बाईंनी तिला फळ्याकडे बोलावलं, एक साधं वाक्य वाचायला सांगितलं. तिने फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

दहाला पाच कमी असताना त्यांनी वर्गातल्या एका मोठ्या मुलीला वर्ग दिला, स्वतःचा फोन घेतला आणि त्या गच्चीवर गेल्या. मागून आत्याही आली. दोघी उन्हात उभ्या राहिल्या. दहा वाजले. सव्वादहा. साडेदहा.

"नाक्यावर अडवलं असेल," बाई म्हणाल्या.

आत्याने डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं.

दहा चाळीसला कोणाच्यातरी फोनवरून टँकरवाल्याचा फोन आला. तो धापा टाकत होता. बाईंनी आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये धरला. त्याने सांगितलं ते असं.

तो कारखान्यावर पोचला तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. गाडी तिथेच सोडून तो शेजारच्या दवाखान्याच्या मागच्या दाराकडे पळत गेला. हातगाडी दाराशी उभी होती. निम्मी गाठोडी आत नेलेली होती, निम्मी गाडीवरच होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. आरडाओरडा झालेला नव्हता, झटापटीची काही खूण नव्हती.

"आत बघितलंस?" आत्याने विचारलं.

"सगळीकडे. त्याच्या खोलीतपण जाऊन आलो. कपडे आहेत, पिशवी आहे. तो नाहीये."

"रखवालदार असतो ना दारावर?"

"होता. त्याने बघितलंय." टँकरवाल्याने दम घेतला. "म्हणतो, धुलाईवाला मी पोचायच्या पाच मिनिटं आधी मोठ्या रस्त्याकडे गेला. आपल्या पायांनी, भरभर. मागे वळून बघितलं नाही."

"एकटा?"

"आणखी दोघं होते त्याच रस्त्याने."

"त्याच्याबरोबर?"

"तेच विचारलं मी. तीनदा विचारलं." फोनमधून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "ते दोघं त्याच्याबरोबर चालले होते की त्याच्या मागून, ते रखवालदाराला सांगता येत नाहीये."